घरात काय बघायचं आणि दुसऱ्याला काय सुचवायचं: बेळगावकडच्या घरांसाठी

"कायतरी चांगलं सांग की बघायला" असा मेसेज आला की बहुतेक लोक आपल्याला जे आवडलं त्याचं नाव टाकतात आणि मोकळे होतात. मग तिकडं अनगोळात दाजी रात्री साडेनवाला सगळ्यांना गोळा करून 'कोर्ट' लावतात, वीस मिनिटांत आज्जीचा डोळा लागतो, पोरं मोबाईलवर, वैनी भांडी आवरायला उठतात, आणि दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळतं की तुझे पिक्चर म्हणजे सगळे अवार्डवाले. आता 'कोर्ट' काय बोअर पिक्चर आहे होय? चैतन्य ताम्हाणेचा 2014 चा, राष्ट्रीय पुरस्कारात त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट, व्हेनिसला पण बक्षीस. खरं तो जेवण झाल्यावर सात जणांनी मिळून बघायचा नव्हे. तो एकट्यानं नाहीतर दोघांनी, दुपारचं, फोन लांब ठेवून बघायचा. म्हणून कुणी विचारलं तर नाव सांगायच्या आधी उलट विचारायचं की टीव्हीपुढं कोण कोण बसणार, घरात बोलणं कुठल्या भाषेत चालतं, आणि उठायचं किती वाजता आहे. एवढं कळलं की निम्मं काम झालं, पिक्चर नंतर सापडतो.

भाषेचं आधी सांगतो कारण आपल्याकडं खरी गंमत तिथंच आहे. पुण्यात एखाद्याला पिक्चर सुचवायचा तर मराठी, हिंदी, फारतर इंग्लिश, संपलं. आपल्याकडं एकाच घरात आज्जी मराठी शाळेतली, सूनबाई गोकाक नाहीतर सौंदत्तीकडची म्हणजे कन्नड माहेरची, पोरं इंग्लिश मीडियमची, त्यांना मराठी बोलता येतंय खरं वाचायला लावलं की अडखळतात. अशा घरात सबटायटलच्या जिवावर पिक्चर सुचवू नका. सबटायटल बहुतेक वेळा इंग्लिशमध्येच असतात, ते पोरांना वाचता येतात आणि ज्यांना गरज आहे त्या आज्जीला येत नाहीत. सगळ्यांच्या कानाला कळेल तेच लावायचं. एवढं मात्र आहे की मराठी आणि कन्नड दोन्ही कानाला कळणाऱ्या घरांपुढं दोन भाषांचं भांडार उघडं असतं, आणि आपण वर्षानुवर्षं त्यातलं निम्मं हातच लावत नाही.

अशा घराला पहिलं नाव सांगायचं झालं तर मी 'अस्तु' सांगेन. 2013 चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. संस्कृतचे मोठे प्राध्यापक, मोहन आगाशे, विसरायचा आजार झालाय, आणि एक दिवस रस्त्यात हत्ती दिसला म्हणून त्याच्या मागं मागं चालत निघून जातात. लेक शोधत फिरते. इकडं त्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेते ती माहुताची बायको चन्नम्मा, जी कन्नड बोलते. ते काम अमृता सुभाषनं केलंय आणि त्यासाठी तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला चन्नम्माचं बोलणं अंदाजानं समजून घ्यावं लागतं, आपल्या घरात मात्र सूनबाई जेवताजेवता सगळं समजून हसते नाहीतर डोळे पुसते, आणि मग आज्जी विचारते काय म्हणाली गं ती, आणि सूनबाई सांगते. माझ्या मते हा पिक्चर बेळगाव-निपाणीच्या घरांसाठीच काढल्यासारखा आहे. फक्त एक बघा, घरात कुणाला तोच आजार असेल तर आधी त्यांच्या लेकाला नाहीतर लेकीला विचारा, परस्पर लावू नका. काहींना त्यातून धीर येतो, काहींना दहा मिनिटंही बघवत नाही.

दुसरं नाव 'जोगवा', 2009, दिग्दर्शक राजीव पाटील. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींची गोष्ट, उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे. राजन गवसांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा यावर उभा केलेला, म्हणजे गडहिंग्लज-सौंदत्ती हाच मुलूख. राष्ट्रीय पुरस्कार भरपूर मिळाले, लिमयेला अभिनयाचा, अजय-अतुलना संगीताचा, हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही गाण्यासाठी. गाणी तर लग्नाच्या बँडवर पण वाजतात. खरं गाणी ऐकून घरात लहान पोरांसकट लावणाऱ्यांनो, थांबा. मोठ्यांचा पिक्चर आहे तो. शिवाय आपल्याकडं घरटी कोणतरी यल्लम्माच्या डोंगराला जाऊन येणारं असतं, भावना असतात, तेव्हा सुचवताना एवढं म्हणायचं की पिक्चर देवीच्या विरोधात नाही, माणसाला सोडून द्यायच्या चालीबद्दल आहे. हे एक वाक्य आधी सांगितलं की मावशी शेवटपर्यंत बसतात. नाही सांगितलं तर पंधराव्या मिनिटाला उठून देवघरात जातात.

कन्नड बाजूनं सुरुवात करायची असेल तर माझा आग्रह 'मालगुडी डेज' ला. शंकर नागनं 1986 साली दूरदर्शनसाठी केलेली मालिका, आर. के. नारायण यांच्या गोष्टी, चित्रीकरण शिवमोग्ग्याकडच्या आगुंबेत. भाषा हिंदी, म्हणजे घरात सगळ्यांना चालते, आणि वातावरण अस्सल कर्नाटकातलं, कौलारू घरं, पडवी, पाऊस. स्वामीच्या वडिलांचं काम गिरीश कर्नाडांचं. एकेक भाग छोटा, अर्ध्या तासाच्या आतला, त्यामुळं रात्री झोपायच्या आधी एक भाग अशी सवय लावता येते, पोरांना तर फारच आवडते. तेच कर्नाड 1982 च्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा' मध्ये स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या कामात आहेत, मराठीत. मालगुडी बघितलेल्या पोरीला पुढं कधीतरी 'उंबरठा' दाखवा, हे स्वामीचे बाबा म्हणून ती लगेच ओळखेल आणि मग पुढचं बघेल. कॉलेजातल्या पोरींसाठी 'उंबरठा' इतकं चांगलं नाव मला तरी दुसरं सुचत नाही, आणि ज्या घरात सून नोकरीसाठी बाहेरगावी जायचं म्हणते आहे त्या घरात तर सासू-सुनेनं मिळून बघावा (भांडण झालं तर मला नावं ठेवू नका).

निव्वळ कन्नड पिक्चर सुचवताना बोली कुठली ते बघून सांगा. 'तिथी' हा राम रेड्डीचा 2015 चा पिक्चर एक नंबर आहे, एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो आणि तेराव्या-चौदाव्याच्या गडबडीत असते तशी सगळी गावगाड्याची भानगड, कलाकार म्हणजे गावातलीच माणसं. खरं ते कन्नड मंड्याकडचं. बैलहोंगलच्या माणसाला पण दोन मिनिटं कान लावून बसावं लागतं, मग आपल्यासारख्या मोडकं-तोडकं कन्नड येणाऱ्यांचं काय. त्यापेक्षा 1997 चा नागाभरणांचा 'नागमंडल' सोपा जातो, त्यातली भाषा उत्तर कर्नाटकातली, आपण बाजारात ऐकतो तसली. कर्नाडांच्या नाटकावरचा आहे, मोठ्यांनी बघायचा. आणि कृपा करून चांगला कन्नड पिक्चर हिंदी डबिंगमध्ये बघू नका. ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ भाषा निवडा, डबिंगमध्ये माणसं हिंदी मालिकेतल्यासारखी बोलतात आणि निम्मा जीव जातो. ज्या पोरांना शाळेत कन्नड विषय जड जातोय त्यांना तर मूळ आवाजात दाखवायचाच.

आता वेळ. आपल्याकडच्या घरात संध्याकाळी सात ते साडेनऊ रिमोट कुणाच्या हातात असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळेत मालिका बंद करून पिक्चर लावा असं सांगणारा माणूस त्या घरात परत कधी जेवायला बोलावला जात नाही. मालिकांना शिव्या घालून काही होत नाही, आत्तीला त्या मालिकेतली माणसं शेजारच्या गल्लीतल्यासारखी वाटतात, आणि दिवसभर राबल्यावर तेवढं तिचं असू दे. मग साडेनऊनंतर अडीच तासांचा पिक्चर लावला तर बारा वाजतात. उपाय सोपा आहे, आपल्या पिक्चरना मध्यंतर असतं, तिथं बंद करायचं आणि उरलेला उद्या. थेटरात बसून बघायची सवय असलेल्यांना हे कसंतरी वाटतं, खरं घरात मध्यंतराला तोडलेला पिक्चर चांगला लागतो, दुसऱ्या दिवशी दिवसभर घरात पुढं काय होणार याची चर्चा चालते. भलतीकडं कुठंतरी अध्येमध्ये तोडू नका मात्र, गोष्टीचा धागा जातो.

नाहीतर छोटे पिक्चर निवडा. परेश मोकाशींचे दोन आहेत, दोन्ही तास-दीड तासाच्या आसपासचे आणि दोन्ही सहकुटुंब. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 2009, दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची धमाल. घरातलं सामान विकणारा बाप, साथ देणारी बायको, बायकांच्या कामांना बायका मिळेनात म्हणून पुरुषांच्या मिशा काढायच्या मागं लागलेली मंडळी. आणि 'एलिझाबेथ एकादशी', 2014, पंढरपूरच्या कार्तिकीतली, सायकल वाचवण्यासाठी बांगड्यांचं दुकान लावणारी पोरं. आपल्याकडून दिंड्या जातात, त्यामुळं वारकरी घरात हा पिक्चर कधी वाया जात नाही. भात लावणीच्या दिवसांत, म्हणजे खानापूर-जांबोटीकडं पाऊस लागलेला असतो आणि माणसं चिखलातून येऊन आठाला आडवी होतात, तेव्हा हे पण सुचवू नका. तेव्हा मालगुडीचा एक भाग, बस्स.

पोरांना काय दाखवायचं हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आधी वयाची खूण बघायची. ओटीटीवर 2021 पासून यू, यूए 7 प्लस, यूए 13 प्लस, यूए 16 प्लस आणि ए अशा पायऱ्या आहेत, शेजारी शिव्या आहेत की मारामारी आहे तेही लिहिलेलं असतं. ते वाचायला पाच सेकंद लागतात खरं कुणी वाचत नाही. त्यापुढं जाऊन एक करा, पहिली पंधरा मिनिटं आपण एकट्यानं बघून घ्या. 'फँड्री' चं उदाहरण देतो. नागराज मंजुळेचा पहिला मोठा पिक्चर, 2013 चा, शाळकरी पोराची गोष्ट आहे म्हणून लोक लहानांचा समजून लावतात. त्यात जातीवरून ऐकवलेले शब्द आहेत, अपमान आहे, डुकरं धरायचा तो शेवटचा भाग मोठ्यांनाही जड जातो. आठवी-नववीच्या पोरांना जरूर दाखवा, सोबत बसून दाखवा, आणि नंतर ते गप्प बसले तर लगेच प्रश्न विचारू नका. चौथीच्या पोराला तेवढ्यात नको. त्याला 'किल्ला' चालेल, अविनाश अरुणचा 2014 चा, बाप गेलेला पोरगा आईच्या बदलीमुळं कोकणातल्या गावात येतो, नवी शाळा, नवे मित्र, पाऊस. आपल्याकडं बदलीवाल्यांची पोरं पुष्कळ, मिलिटरी भागात तर वर्गातली निम्मी, त्यांना तो पोरगा आपलाच वाटतो. खरं किल्ला हळू चालणारा पिक्चर आहे, मोबाईलवर तुकड्या-तुकड्यात बघितला तर काहीच लागत नाही.

'श्वास' बद्दल मला जरा वेगळं म्हणायचंय. 2004 चा, संदीप सावंतचा, 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्कारात पहिला नंबर मिळवून देणारा, ऑस्करला भारताकडून गेलेला, सगळं खरं. नातवाच्या डोळ्यांचं ऑपरेशन, ऑपरेशननंतर दिसणार नाही, आणि आजोबा. लोक तो आज्जी-आजोबांना सुचवतात कारण त्यात आजोबा आहेत. मी उलट सांगतो, तो तिशी-चाळिशीतल्या आई-बापांना सुचवा. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याचे पिक्चर नको असतात, त्यांचा दवाखाना रोजचाच चालू असतो.

त्यांना काय आवडतं तर जुनं. आपल्याकडची सत्तरीची माणसं ग्लोब, चित्रा अशा थेटरांत पिक्चर बघून वाढलेली, कोल्हापूरचा माल पहिला बेळगावला यायचा असं अभिमानानं सांगणारी. त्यांना 'संत तुकाराम' लावून द्या. 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा, प्रभातचा, विष्णुपंत पागनीस तुकाराम. प्रभात कंपनी 1929 ला कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली, हा पिक्चर पुण्यातला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आवली तुकारामाला बोलते ते ऐकून आजच्या पोरी पण हसतात. त्याच प्रभातचा 1941 चा 'शेजारी', हिंदू आणि मुसलमान दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट, शांतारामबापूंचा. आणि हसायचं असेल तर 'गुळाचा गणपती', 1953, पुलंनी लिहिलेला, दिग्दर्शन त्यांचंच, संगीत त्यांचंच, नायक पण तेच, आणि 'इंद्रायणी काठी' भीमसेन जोशींच्या आवाजात. पुलं बेळगावच्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते आणि 'रावसाहेब' तर आपल्या गावचेच, त्यामुळं आपल्याकडं पुलं लावायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांच्या 'वाऱ्यावरची वरात' चं जुनं चित्रीकरण पण शोधा.

जुने पिक्चर लावताना टीव्हीची दोन-तीन सेटिंग बघून घ्या, नाहीतर चांगला पिक्चर फुकट जातो. जुनं चित्र चौकोनी असतं, टीव्ही ते ताणून रुंद करतो आणि पागनीस अंगानं दुप्पट दिसतात. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल नाहीतर चार-तीन असं काहीतरी असतं ते निवडा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करायचं एक सेटिंग असतं, नावात बहुतेक मोशन असा शब्द असतो, ते बंद करा, नाहीतर कुठलाही पिक्चर मालिकेसारखा दिसतो. पिक्चर मोड सिनेमा ठेवा. आणि आवाज! आज्जीला पिक्चर आवडला नाही असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा तिला ऐकूच आलेलं नसतं. साउंडमध्ये क्लिअर व्हॉइस नाहीतर स्पीच असा पर्याय असेल तर तो लावा, पंखा एक नंबर कमी करा, आणि तिला टीव्हीसमोर बसवा, सोफ्याच्या कोपऱ्यात नव्हे.

पिक्चर बघतच नाही म्हणणारे आप्पा पण प्रत्येक घरात एक असतात. बातम्या आणि क्रिकेट, तिसरं काही नको. त्यांना गाण्याच्या वाटेनं आणायचं. कुमार गंधर्व जन्मले ते आपल्या सुळेभावीत, 1924 साली, शिवपुत्र कोमकाळीमठ. त्यांच्यावर जब्बार पटेलांनी 'हंस अकेला' नावाचा माहितीपट केलाय. भीमसेन जोशींवर गुलजारांचा आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांवर नंदन कुढ्यादींचा 'रसयात्रा', धारवाडजवळचा माणूस, कन्नड घरातला, आणि गाणं शिकला मिरजेच्या नीलकंठबुवांकडं. आपल्या भागात गाण्याला कधी सीमा आडवी आली नाही हे आप्पांना वेगळं सांगावं लागत नाही, ते तुम्हालाच तासभर सांगतील. राजकारणाच्या बातम्यांचं वेड असलेल्या आप्पांना 'सिंहासन' लावून द्या, 1979, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, निळू फुले पत्रकार. बंगळूर-मुंबईच्या बातम्या बघून आलेला माणूस त्यातलं एकेक पात्र आजच्या नावांनी ओळखायला लागतो. इतिहासवाल्यांना 'भारत एक खोज', श्याम बेनेगल, 1988, त्रेपन्न भाग. एवढे भाग एका दमात बघायला सांगू नका, शिवाजी महाराजांच्या भागापासून सुरू करा, महाराजांच्या कामात नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब ओम पुरी. तिथं गोडी लागली की बाकीचं ते आपण होऊन शोधतात.

आता हे मिळतं कुठं. कुठला पिक्चर कुठल्या ॲपवर आहे हे मी इथं लिहीत नाही कारण सहा महिन्यांत बदलतं, आज इथं असतो उद्या तिथं. जस्टवॉच नावाची साईट आणि ॲप आहे, नाव टाकलं की सध्या कुठं आहे ते दाखवतं. यूट्यूबवर शोधताना नावापुढं साल टाका, आणि कंपनीच्या अधिकृत चॅनलवरचाच बघा, दुसरीकडं कुठंतरी कापलेला, उलटा केलेला, आवाज बदललेला असतो. टेलिग्रामवरच्या लिंक पाठवू नका, चोरीचा माल आहे आणि वरून फोनमध्ये काय काय घुसतं. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठी प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप 2024 च्या नोव्हेंबरपासून आहे, ते बघा.

केबलवाल्यांसाठी एक. कर्नाटकात आपल्याला पॅक मिळतो तो कन्नड चॅनलचा, मराठी चॅनल त्यात नाहीत म्हणून लोक दुसरा मोठा पॅक घेतात आणि न बघणारे चाळीस चॅनल अंगावर येतात. 2019 पासून चॅनल सुटा निवडता येतो. पाहिजे तेवढे दोन-तीन मराठी चॅनल नावं सांगून जोडून घ्या. महिन्याला पैसेच द्यायचे नसतील तर डीडी फ्री डिश, डिशचा एकदाचा खर्च, त्यावर दूरदर्शनचे मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही येतात.

गावाकडं नेट आणि लाईट दोन्हीचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर नाहीच. शहरात आला असाल तेव्हा वायफायवर डाउनलोड करून न्या. चित्राचा दर्जा मध्यम ठेवला तर तासाला साधारण एक जीबीच्या आत भागतं, एचडी लावलं तर तीन जीबीपर्यंत जातं, आणि दिवसाला दीड जीबीवाल्या रिचार्जवर ते परवडत नाही. ॲपमधलं डाउनलोड पेनड्राइव्हवर घेता येत नाही, तेव्हा फोन टीव्हीला जोडायची सोय आहे का ते आधी बघून ठेवा. आणि बऱ्याच ॲपवर डाउनलोड केलेलं एकदा सुरू केलं की 48 तासांत संपवावं लागतं, मध्यंतराला तोडून चार दिवसांनी बघू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गणपतीत काय लावायचं हे विचारणाऱ्यांना एकच उत्तर, 'अशी ही बनवाबनवी'. 1988 पासून चालू आहे, चालू राहील. मुंबईचे पाहुणे, निपाणीचे पाहुणे, आरती झाल्यावर चिरमुऱ्यांची परात मधे, सगळ्यांना डायलॉग पाठ. तिथं नवीन काही सुचवायचा शहाणपणा करू नका, कुणी ऐकत नाही. नवीन दाखवायचंच असेल तर पाहुणे गेल्यानंतरच्या त्या रिकाम्या दोन दिवसांत 'वळू' लावा, उमेश कुलकर्णीचा 2008 चा, गावातला बैल पकडायला आलेला फॉरेस्ट ऑफिसर आणि अख्खा गाव. ऑफिसर अतुल कुलकर्णी, जन्म बेळगावचा. त्यानंतर त्याच उमेशचा 'देऊळ', 2011. गावात देव दिसल्यावर आधी काय होतं आणि मग दुकानं कशी लागतात ते बघून प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या एका देवळाचं नाव घेतो.

सुचवताना मेसेज कसा टाकायचा तेही सांगतो, कारण नुसतं 'मस्ट वॉच' आणि पाच आगीचे इमोजी टाकून कुणी बघत नाही. नाव, साल, भाषा, किती वेळाचा, कुणी बघायचा आणि कुणी नको, आणि गोष्ट एका ओळीत, शेवट न सांगता. उदाहरणार्थ, "काकू, अस्तु, 2013, मराठी आणि थोडं कन्नड, दोन तास, तुम्ही आणि वैनी मिळून बघा, पोरांना कंटाळा येईल. विसरायचा आजार झालेले एक सर हत्तीमागं निघून जातात." बस्स. एका वेळी एकच नाव द्या. दहा नावांची यादी लोक स्टार करून ठेवतात आणि त्यातलं एकही बघत नाहीत.

आणि आठवड्यानं विचारा. "आवडला का" असं विचारलं तर माणसं तोंडदेखलं हो म्हणतात, त्यापेक्षा "कुठं बंद केला" असं विचारा. पहिल्या दहा मिनिटांत बंद केला असेल तर बहुतेक आवाजाचा नाहीतर भाषेचा घोळ, पिक्चर बदलायची गरज नाही, सेटिंग बघा. मध्यंतरानंतर बंद केला तर लांबी जास्त झाली, पुढच्या वेळी मोकाशींकडं वळा. एखाद्या ठराविक प्रसंगाला उठले असतील तर विषय जड गेला, तिथं जास्त खोदू नका, पुढचं नाव हसवणारं द्या. आणि काकू म्हणाल्या की बघितला खरं मधे मधे मालिका लावत होतो, तर त्यांना मालगुडीचा एक भाग पाठवा, साडेनऊनंतरचा.